स्मरणिकेतली पुरणपोळी

निरोप शाळेच्या फोनवर आला. शिपायानं वर्गाच्या दारातून सांगितलं, "बाई, हॉटेलातले तुमचे मामा गेले." मी तास पुरा केला आणि उदगीरची एसटी धरली. शिवलिंगमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, चार दिवसांसाठी घरी गेला होता, तिथंच संपला. बायकोपोर नाही. लातूरच्या स्टेशनजवळच्या निजामाच्या वेळच्या हॉटेलात त्यानं जन्मभर भटारखाना सांभाळला आणि त्याच्यामागच्या खोलीत राहिला. माती झाली, माणसं पांगली. गेले काही आठवडे मी चिडलेली आहे. थोडी त्याच्यावर, जास्त स्वतःवर.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात या हॉटेलात देशोदेशीच्या अर्थतज्ज्ञांची परिषद भरली होती. मुंबईत बसून दुष्काळावर बोलण्यापेक्षा दुष्काळी गावात बोलावं, असं कुणाला तरी सुचलं होतं. मालकांनी पाहुण्यांसाठी हैदराबादहून तांदूळ आणि भाज्या मागवल्या. गाव तेव्हा रेशनची मिलो खात होतं. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की चावायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मामानं तांदूळ बाजूला ठेवला आणि पाहुण्यांच्या ताटात मिलोची भाकरी आणि पिठलं वाढलं. एका उंच पाहुण्यानं दुभाष्याकडून विचारलं, हे कुठलं धान्य? मामा म्हणाला, "तुमच्याच मुलखातनं आलंय. आमी रोज हेच खातोय, तुमी एक डाव खाऊन बघा." दुभाष्यानं ते कसं सांगितलं कोण जाणे… पण एकानं ताट सरकवलं आणि त्या उंच माणसानं दुसरी भाकरी मागितली. मालक मामाला त्याच क्षणी काढणार होते. रात्रीचा स्वयंपाक कोण करणार, हे लक्षात आल्यावर गप्प बसले.

मामानं ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली होती की मी ती ऐकणं सोडून दिलं होतं. मग लातूरचा जिल्हा झाला. गावाच्या अंगात आल्यासारखं झालं. पाट्या रंगल्या, भाड्याच्या घरांत कचेऱ्या आल्या, साहेब लोक हॉटेलात उतरू लागले. त्यातच परिषदेला दहा वर्षं होत आली. मालकांनी समारंभ ठरवला आणि स्मरणिका लिहायचं काम माझ्याकडं दिलं, कारण मी मराठी शिकवते आणि फुकट लिहिते. मी मामाची हकिगत नीट लिहून नेली. मालकांनी ती वाचली, चष्मा काढला. "बाई, आता नवा जिल्हा. बाहेरून कारखानदार यायचेत. त्यांना काय सांगायचं, आम्ही पाहुण्यांना रेशनचं खाऊ घातलं?" मी वाद घातला नाही. घरी पोरांच्या वह्या तपासायच्या पडल्या होत्या. तो परिच्छेद काढला आणि तिथं लिहिलं, पाहुण्यांनी मराठवाड्याच्या पुरणपोळीचा आस्वाद घेतला. अशी वाक्यं मला झोपेतही लिहिता येतात.

समारंभाच्या सकाळी मामानं स्मरणिका वाचली, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. कागद चांगला हाय, म्हणाला. मग माझ्याकडं बघून हसला. "सुमे, मी पुरणपोळी केली म्हनतीस. त्या साली डाळ कुठनं आणली गं मी?" मी म्हटलं, पुढच्या छपाईत दुरुस्त करू. स्मरणिकेची पुढची छपाई नसते, हे त्यालाही कळत होतं. त्यानं भांडायला हवं होतं. मालकांशी नाही तर निदान माझ्याशी… तो कणिक मळायला निघून गेला. व्यासपीठावर सगळ्यांचे सत्कार झाले. भटारखान्यातून वर कुणाला बोलावलं नाही, आणि मला ते हार घालून संपल्यावर आठवलं.

मागच्या रविवारी त्याची खोली रिकामी करायला गेले. एक ट्रंक, दोन धोतरं, विभूतीची डबी. भिंतीशी स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती रचल्या होत्या, हॉटेलात दुसरी कोरडी जागा नाही म्हणून. मालक दारात आले. म्हणाले, ते गठ्ठे तेवढे काढून द्या बाई, कलेक्टर कचेरीपासून बँकांपर्यंत सगळीकडं वाटायचेत. ते गाडी बघायला गेले. वरच्या गठ्ठ्याची सुतळी सैल होती. मी एक प्रत उघडली. पुरणपोळीच्या ओळीशेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलनं, शाळकरी वळणात लिहिलं होतं:

"हे खरं नाही. मिलोची भाकरी आणि पिठलं होतं. एकानं ताट सरकवलं. एकानं दुसरी भाकरी मागितली. — शिवलिंग, भटारखाना."

दुसरी प्रत उघडली, तेच. खालचे गठ्ठे सोडले, तेच. प्रत्येक प्रतीत, न कंटाळता, त्याच शब्दांत. माझं नाव कुठंच नव्हतं; पुरणपोळीचं वाक्य कुणाचं, ते त्यानं लिहिलं नव्हतं.

पर्समध्ये खोडरबर होतं. शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये असतंच. ते मी बाहेर काढलं नाही. मी सगळे गठ्ठे पुन्हा घट्ट बांधले आणि एकेक करून मालकांच्या हातात दिले. उघडून बघा, असं म्हटलं नाही. माझं हे लिहिणं छापून येईपर्यंत ते गठ्ठे वाटून झालेले असतील.