शेजारणीने सांगायची जागा

जत्रेच्या मैदानात आपली जागा आपल्या तोंडाने सांगायची नाही, शेजारणीने सांगायची, असा आमच्याकडचा रिवाज. माझी आई शिरगावहून सुकट-बोंबील घेऊन चिंचेखाली बसायची. उजवीकडे चिंचेचा बुंधा, डावीकडे मासवणकडच्या डोंगरातली मावशी, नाचणी घेऊन. कुणी विचारलं की ही तिची जागा दाखवायची, ती हिची. कागद कुणी पाहिलाय!

मग मैदान नवं करायचं ठरलं. पक्के गाळे, फरशा, बाग, बसायला कट्टे. नावं लिहायला साहेब आले तेव्हा मावशी वीटभट्टीवर जगायला गेलेली. डोंगरातली माणसं कामासाठी गाव सोडतात, त्याला ती असंच म्हणतात, जगायला जाणं.

"आजी, जागा कुठली?"

"ही मासवणवालीची," आईने हात करून दाखवलं. साहेबांनी लिहिलं.

"आणि तुमची?"

आई नुसती हसली आणि डावीकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं, तर तिने मला चिमटाच काढला. "तू गप. घरच्यानं सांगायचं नसतं." साहेब पुढे गेले.

बोईसरच्या कारखान्यात मी सुपरवायझरशी हिंदीतून कचाकचा भांडते. त्या दिवशी मात्र माझी दातखीळ बसली. नंतर कचेरीत हेलपाटे घातले. यादी बंद झाली, एवढंच उत्तर. साहेबांचा राग येतो, आईचाही येतो, पण सगळ्यात जास्त माझा मला.

यंदा नव्या मैदानात पहिली जत्रा भरली. चिंच तोडलेली. आई हट्टाने टोपली घेऊन आली आणि गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला बसली. वॉचमन दोनदा हटकून गेला. "यहाँ मत बैठो, माताजी."

मावशी आली ती थेट आत गेली. गाळ्यावर तिचं नाव होतं. थोड्या वेळाने पाठीवर गाठोडं तसंच घेऊन ती आम्हाला शोधत बाहेर आली. मी सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अगं बाय माजे! मी नव्हती, तर हिची जागा कोण सांगनार?"

ती वॉचमनला हाताला धरून आत घेऊन गेली. फुलझाडांच्या वाफ्याजवळ थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "हिथं चिंच होती. ही शिरगाववालीची जागा हाय." तो म्हणाला, "लिस्ट में नाम नहीं है." मावशी तशीच वळली. परत आली आणि आईच्या डाव्या हाताला गोणपाट अंथरू लागली.

आई घाबरली. मागोमाग आलेल्या वॉचमनला सांगू लागली, "हिला उठवू नको रं, हिची जागा आत हाय, गाळा हाय हिला."

"नाय," मावशी बसत म्हणाली. "माजी जागा ही."

इतक्या वर्षांत तिने आपल्या तोंडाने आपली जागा सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आईने पदर तोंडाला लावला. मी वॉचमनकडे पाठ करून दोघींसमोर उभी राहिले.