कॅप्टनच्या खुर्चीला हार

आमच्या साडूंइतका मोठा आवाज असलेला माणूस संयुक्त अरब अमिरातींत दुसरा नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींना हळू बोलता येत नाही. एकदा दुबईतल्या आमच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "साडूभाऊ, खासगीतलं सांगतोय, कुणाला बोलू नका." दुसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या नागपूरच्या बाईंनी माझ्या बायकोला त्या खासगीबद्दल मोलाचा सल्ला दिला. कोल्हापूरला आईला फोन लावला, की ते फोन कानापासून हातभर लांब धरून बोलतात. मधल्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. आवाज आपला आपणच पोचवायचा असतो, अशी त्यांची समजूत आहे.

माणूस मूळचा कोल्हापूरचा, त्यातही पेठेतला, आणि तालमीच्या संघाचा जुना गोलकीपर. त्या गावात फुटबॉल म्हणजे काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. तिथे मुलगी देतानाही स्थळ कुठल्या तालमीचं आहे हे आधी विचारतात, असं दाजी सांगतात, आणि स्वतःचं लग्न एका महत्त्वाच्या सामन्यासाठी चार दिवस पुढे ढकललं होतं हे पुरावा म्हणून जोडतात. फुटबॉल त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत आलेला आहे. ताट वाढलं की वाढल्यासारखं राहत नाही, वाट्या पुढेमागे सरकू लागतात. "भात आपला मागं. भाकरी डिफेन्सला. पांढरा रस्सा डावीकडनं, तांबडा उजवीकडनं. आनि ही मिरची बघा साडूभाऊ, ही मोकळी. हिला कुठं जायचं तिकडं जाऊ दे." शारजाच्या औद्योगिक भागात गाडी दुरुस्तीला नेली, की ते मेकॅनिकच्या पाठीमागे उभे राहून ओरडतात, "अकेला है तू, टाइम है! लेफ्ट, लेफ्ट!" त्या पठाणाने एकदा पाना खाली ठेवून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साब, ये मेरे को डांटता है या शाबाशी देता है?" गळ्यात शिट्टी कायम. सत्यनारायणाला सोवळं नेसून बसले तेव्हा जानव्याशेजारी शिट्टी होती, आणि आरतीत एक कडवं गाळलं गेलं तेव्हा ती वाजलीही.

तर असे आमचे दाजी इथल्या एका कॉलेजात नऊ वर्षं फुटबॉलचे दुय्यम प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक होते कॅप्टन. इकडे फुटबॉलच्या कोचला कॅप्टन म्हणायची अरबी पद्धत आहे, पण कॉलेजात त्या शब्दाचा अर्थ एकच माणूस असा होता. सुदानचे, उंच, काटकुळे, पांढऱ्या दाढीचे. वीस वर्षांत त्यांनी कॉलेजला इतके कप मिळवून दिले होते की ऑफिसातलं एक कपाट त्यांच्यासाठी रिकामं करावं लागलं. आणि या वीस वर्षांत त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, अशी त्यांची ख्याती. मैदानाच्या कडेला एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते उभे राहायचे. बसत कधीच नसत. ते हळूच "यल्ला" म्हणायचे आणि बावीस पोरं धावत सुटायची. "खलास" म्हटलं की जागच्या जागी थांबायची. आमचे चिरंजीव त्याच कॉलेजात, त्याच संघात. ते डोळे मोठे करून सांगायचे, "बाबा, ही जस्ट व्हिस्पर्स!" दाजी तेव्हा कुठे असायचे, असं मी एकदा विचारलं होतं. "काका? काका इज ऑलवेज बिहाइंड हिम. शाउटिंग." यापुढे मी कधी चौकशी केली नाही. मैदानावरही कधी गेलो नाही. दाजी दर सामन्याला बोलवायचे आणि मला दर सामन्याला ऑफिसात काहीतरी काम निघायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कॅप्टन निवृत्त झाले, शारजाला मुलीकडे राहायला गेले, आणि जाताना आपली जुनी टोपी दाजींच्या डोक्यावर ठेवून गेले. कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी दाजींना बोलावून सांगितलं, की हा सीझन तुम्ही सांभाळा, जमलं तर ठीक, नाहीतर बाहेरून माणूस आणू. दाजींनी ही बातमी मला फोनवर सांगितली आणि मी ती फोन न उचलताही ऐकली असती. पण दुसऱ्याच दिवसापासून चमत्कार सुरू झाला. मेहुणीबाईंचा रडवेला फोन आला. "अहो, ह्यांना काहीतरी झालंय. घरात हळू बोलायला लागलेत. डॉक्टरला दाखवू का?"

दाजींनी कॅप्टन व्हायचं ठरवलं होतं. दुधाचा चहा सोडून काळा चहा सुरू केला. हात मागे बांधून चालू लागले. ज्येष्ठमध चघळत बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून "यल्ला" म्हणायचा सराव करू लागले. मी भेटायला गेलो तर समोर बसून नुसते ओठ हलवत होते. "काय म्हणालात?" असं तीनदा विचारल्यावर कळलं, की चहा घेणार का असं विचारतायत. "साडूभाऊ," ते त्या नव्या आवाजात म्हणाले, "मोठ्या माणसाच्या जागंवर उभारायचं म्हंजे त्याच्यावानी वागाय लागतंय. पोरांला वाटाय पायजे, कॅप्टन हायेत." मला फार वाईट वाटलं. वाघाला कुणीतरी म्याँव म्हणायला शिकवावं, तसं ते दिसत होतं.

मैदानावर काय होणार ते उघड होतं. पहिला सामना हरले. दुसरा हरले. तिसरा बरोबरीत सुटला, तोही पलीकडच्या बचावपटूने स्वतःच्याच गोलात चेंडू मारला म्हणून. चिरंजीव वैतागून घरी यायचे. "बाबा, सर इज व्हिस्परिंग अँड वी कान्ट हिअर अ थिंग!" पोरं त्यांना सर म्हणायची, कॅप्टन नाही. येता-जाता ऐकवायची, की कॅप्टन असते तर असं केलं असतं, कॅप्टन असते तर तसं केलं असतं. क्रीडाप्रमुख सरावाच्या वेळी लांब उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलताना दिसू लागले. बाहेरून माणूस आणायची ती बोलणी असणार हे दाजींना कळत होतं. कधी नव्हे ते त्यांचं जेवण कमी झालं. ताटातल्या वाट्या वाढल्या तशाच राहू लागल्या, तेव्हा मेहुणीबाईंबरोबर मलाही काळजी वाटू लागली.

अशात दसरा आला. दसऱ्याला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. सुतार रंधा पूजतो, ड्रायव्हर गाडी पूजतो. दाजींनी बर दुबईहून झेंडूचे हार आणले आणि सरावाच्या आधी मैदानाच्या कडेला पूजा मांडली. चेंडूंच्या जाळीला हार, शिट्टीला हळदकुंकू, गोलच्या दोन्ही खांबांना हार. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं, त्यांच्या पांढऱ्या खुर्चीला सगळ्यात मोठा हार. खुर्चीवर कॅप्टनची टोपी, पुढे दोन उदबत्त्या. फोटो मात्र ठेवला नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, एवढी अक्कल आपल्याला आहे, असं ते पुढे कितीतरी दिवस सर्वांना सांगत होते.

संघातल्या एकाने लांबूनच ते दृश्य पाहिलं. रिकामी खुर्ची, टोपी, हार, उदबत्त्या. त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली दुसऱ्याने लिहिलं, "मिस यू, कॅप्टन." तिसऱ्याने हात जोडले. अर्ध्या तासात फोटो वीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. मला ऑफिसात चिरंजीवांचा मेसेज आला, "बाबा, कॅप्टन इज नो मोर. काका मस्ट बी शॅटर्ड." दाजींना फोन लावला तर उचलेनात. मग मी उठलो, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या मैदानावर गेलो.

तिथे चाळीसेक माणसं जमली होती. ऑफिस सोडून आलेले माजी खेळाडू, कुणी पांढरा शर्ट घालून, कुणी डोळे पुसत. क्रीडाप्रमुख टाय नीट करून भाषणाचा कागद हातात घेऊन उभे होते. आणि या सगळ्यांत दाजी! त्यांना वाटत होतं, इतकी माणसं दसऱ्याच्या पूजेलाच आली आहेत. ते गहिवरून गेले होते. प्रत्येकाचा हात हातात घेऊन, कॅप्टनच्या त्या हळू आवाजात "थँक यू, थँक यू" म्हणत ते पेढे वाटत होते. लोक सुन्न होऊन हातातल्या पेढ्याकडे पाहत होते. कॅप्टन गेल्याचे पेढे! एक धिप्पाड माजी सेंटर फॉरवर्ड माझ्या कानात कुजबुजला, "अंकल, सर को इतनी खुशी है क्या?" मी दाजींकडे धावलो, पण मी पोचायच्या आतच फाटकाशी एक गाडी थांबली आणि तिच्यातून कॅप्टन उतरले. तो फोटो फिरू लागल्यापासून मुलीला सांत्वनाचे फोन येत होते म्हणून ते स्वतःच चौकशीला आले होते.

कॅप्टन सावकाश चालत खुर्चीपर्यंत आले. हार पाहिला, टोपी पाहिली, उदबत्त्यांचा वास घेतला. मग दाजींना म्हणाले, "हबीबी, मेरे को किसने मारा?"

दाजींच्या हातातला पेढ्यांचा डबा खाली पडला. आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज फुटला. "कॅप्टन! आमच्यात पूजा हाय ओ! दसरा हाय! हमारा पूजा, कॅप्टन! आप को सौ साल!" त्या आवाजाने पार्किंगमधल्या एका गाडीचा अलार्म वाजू लागला, आणि चाळीस माणसं पोट धरून हसायला लागली. कॅप्टन इतके हसले की त्यांना कुठेतरी टेकावं लागलं. हार बाजूला करून ते त्या खुर्चीवर बसले. "ये कुर्सी मेरा नहीं है," हसू आवरल्यावर ते म्हणाले. "ये लड़का लोग के बाप के लिए. कोई बाप देखने आयेगा तो बैठेगा. बीस साल रखा. इधर बाप लोग को टाइम नहीं है, हबीबी. एक कुर्सी बहुत हो गया." मी खाली मान घालून माझ्या बुटांकडे पाहत उभा राहिलो.

मग त्यांनी विचारलं, की संघ हरतोय असं ऐकतो, ते का? दाजींनी पुन्हा आवाज खाली आणून सांगायला सुरुवात केली. कॅप्टननी कानामागे हात धरला. "तू ऐसा क्यों बोलता है? बीमार है?" दाजी ओशाळून म्हणाले, "आप के जैसा, कॅप्टन." म्हाताऱ्याने कानामागचा हात खाली घेतला. "मेरे जैसा? हबीबी, मेरा आवाज तो तीन मीटर जाता है. मैं यल्ला तेरे को बोलता था. लड़का लोग को तू बोलता था. नौ साल ये लोग तेरे आवाज पे भागा." दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. पोरंही एकमेकांकडे पाहत होती. कारण ते खरं होतं. चिरंजीवांनी मला ते कधीच सांगितलं होतं, फक्त त्याचा अर्थ त्यांना कळला नव्हता आणि मलाही.

त्या वर्षी कप काही मिळाला नाही, उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरलो. पण त्या सामन्यात दाजींचं "मागं बघ की रं!" हे वाक्य एका केरळी, एका इजिप्शियन आणि एका पाकिस्तानी पोराला एकाच वेळी समजलं. शेजारच्या टॉवरमधून आवाजाच्या तीन लेखी तक्रारी आल्या, तरी क्रीडाप्रमुखांनी त्यांना कायम केलं. ताटातल्या वाट्या पुन्हा सरकू लागल्या. कॅप्टन पुढे मुलीबरोबर तीनशे किलोमीटरांपलीकडे रुवैसला गेले, जावयाची तिकडच्या रिफायनरीत बदली झाली म्हणून. दाजी दर सामन्याला व्हिडिओ कॉल लावून फोन त्या खुर्चीवर ठेवायचे. फोन नसता तरी रुवैसला ऐकू गेलं असतं, असं पोरं म्हणायची. फोनमधून बारीकसं "यल्ला" यायचं, दाजी ते ऐकायला वाकायचे आणि मग सरळ होऊन ओरडायचे.

यंदाच्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गेले. खरोखरच गेले. दाजी रुवैसला जाऊन आले.

परवा दसरा झाला. चिरंजीवांचा सरावाचा सामना होता, आणि मी ऑफिसातून लवकर निघून गेलो. जाळीला हार होता, शिट्टीला होता, दोन्ही खांबांना होता. खुर्चीला नव्हता. मी दाजींना विचारलं, "यंदा खुर्चीला नाही घातला?" त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. ते इतकं हळू होतं की मी म्हणालो, "काय म्हणालात?"

"लोकांला वाटंल, गेले म्हणून," दाजी म्हणाले. मग त्यांनी हाताने खुर्चीवरची धूळ पुसली. "बसा साडूभाऊ. तुमचीच हाय ती."

मी बसलो. पोरं मध्यावर उभी राहून दाजींकडे पाहत होती. दाजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, नेहमीसारखे किंचित वाकून थांबले. तीन मीटरवरून येणाऱ्या एका शब्दासाठी नऊ वर्षं थांबायचे, तेवढेच थांबले. मग सरळ झाले आणि ओरडले, "यल्लाऽऽ!"