शहात्तर सालची लेम्बर्गर

फ्रीडलिंडेताईच्या दाराला केरसुणी टांगलेली दिसली, की हाइलब्रॉन शहराकडची माणसं द्राक्षमळ्यांतून चालत यायची. केरसुणी टांगली म्हणजे घरची वाइन आणि गरम जेवण सुरू. मी तिच्याकडे बावीस वर्षं ताटं वाढली. कशाबरोबर काय प्यायचं, हे तीच ठरवायची. कुरकुरीत कांद्याखालचं भाजलेलं गोमांस, हरणाचं मटण, मसूर आणि शेवया, या सगळ्यांबरोबर लेम्बर्गर. काळपट लाल, गोडीचा लवलेश नसलेली, जिभेला किंचित आवळणारी. कुणी माशाबरोबर मागितलीच, तर ती सरळ विचारायची, "माशानं काय घोडं मारलंय तुमचं?"

स्वतः मात्र तिनं त्या वाइनला कधी ओठ लावला नाही.

दुपारी चारच्या सुमारास तिचा हात थांबायचा. ती तळघराच्या दाराकडे बघायची. "ऐकलंस, इर्मा?" मला काहीच ऐकू यायचं नाही. तिला जिन्यावर पावलं ऐकू यायची. सात पायऱ्या उतरायची आणि थांबायची. वर कधीच येत नसत.

ती पावलं तिच्या धाकट्या भावाची, ओटमारची. शहात्तर सालच्या ऑक्टोबरात खाली पिंपांत नवा रस आंबत होता. तेव्हा तळघरात जीव गुदमरवणारा वायू साचतो, त्याला वास नसतो. म्हणून मेणबत्ती पुढे धरून उतरायचं, ती विझली की मागे फिरायचं. त्या दुपारी रश्श्यासाठी वाइन कमी पडली. ओटमार मेणबत्ती शोधत होता.

"अरे, पाहुणे खोळंबलेत, पळ की!" फ्रीडलिंडे ओरडली.

तो तसाच खाली पळाला, तो परत आलाच नाही.

वडिलांनी तोच रस पुढे बाटल्यांत भरला. तशी लेम्बर्गर पुन्हा झाली नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि ताई उठून आत जायची.

पंचवीस वर्षांनी एका दुपारी रोझविटा आली. ओटमारशी तिचं लग्न ठरलं होतं. तिनं भाजलेलं मांस मागवलं आणि शहात्तरची बाटली. शेवटच्या दोनच उरल्या होत्या.

"बस समोर," ती ताईला म्हणाली.

ताई बसली, आणि बसल्या बसल्या बोलून गेली, "मीच त्याला पळवलं गं. मेणबत्ती शोधत होता तो."

"ठाऊक आहे. मातीच्या दिवशीच तुझ्या आईनं सांगितलं."

"मग इतकी वर्षं आली का नाहीस?"

"तुझं तोंड बघवलं नसतं."

"आणि आज?"

"आज भूक लागली होती." रोझविटानं तिच्यापुढे पेला सरकवला. "घे."

ताईनं घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरून ठेवला. "कांदा अजून भाजायला हवा होता हिच्याबरोबर," ती म्हणाली आणि रडू लागली.

चार वाजले. दोघींच्या माना एकदमच तळघराकडे वळल्या.

"सातवीवर थांबतो ना?" रोझविटानं हळूच विचारलं. पायऱ्यांचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात ती वरच्या खोलीत राहायला आली. दोघींनी मिळून सहा वर्षं जेवणं घातली. मसुरात व्हिनेगर किती, यावरून रोज भांडायच्या. पण तळघरात एकीनंही पाय टाकला नाही. बाटल्या आणायला मला पाठवायच्या, आणि मी वर येईपर्यंत जिन्याच्या तोंडाशी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या राहायच्या.