भिंतीपासून वीतभर

लेकीकडे माद्रिदला राहायला गेले होते. तिच्याकडे कामाला येणारी रोसा दक्षिण अमेरिकेतली, बोलिव्हियाची. अंथरूण छान घालायची, पण जाताना पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायची. माझी उशी त्या फटीत पडायची. मी चिडून पलंग परत सरकवायचे. दुसऱ्या दिवशी फट पुन्हा हजर.

शेवटी लेकीला दुभाषी करून विचारलंच. रोसा हसली. म्हणाली, "आमच्या गावी मातीच्या भिंती. त्यांच्या भेगांतून ढेकणासारखेच, पण मोठे किडे निघतात आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावतात. आईने लावलेली सवय आहे."

"अगं, पण ही सिमेंटची भिंत! त्यात सातवा मजला!"

तिचं हसू मावळलं. "किडा इथं नाहीच. पण मागच्या महिन्यात रक्तदानाला गेले, तेव्हा कळलं. लहानपणी चावलेल्या किड्याचे जंतू माझ्याबरोबरच विमानातून आलेत. तीस वर्षं हृदयात बसून आहेत. ना ताप, ना कळ."

गाव सोडलेलं माणूस मागे काय राहिलं तेच आठवत बसतं. न सांगता बरोबर काय निघालं, हे कोण बघतं?

रोसाने माझा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. ठोके पडत होते, माझ्यासारखेच, संथ. मध्येच एक पडलाच नाही.

आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.