मास्तरांच्या कात्रीचा स्क्रू

नारायण पेठेतल्या दिगंबरशेठच्या शिलाईच्या दुकानात बद्रीनाथ मास्तर चौतीस वर्षं कापड बेतत आले. टेबलामागे भिंतीत एक खिळा आणि खिळ्याला मास्तरांची मोठी कात्री. दुसऱ्याच्या कात्रीला हात लावायचा नाही, हा कारागिरांचा नियम. मास्तर साठीला आले तरी तो कुणी मोडला नव्हता. मग वाशिमकडचा पोपट आला.

पोपट तसा शिलाईला ठेवलेला. पण आषाढात मास्तर तापाने दोन दिवस घरी होते, तेव्हा शेठनी त्याला एक जोधपुरी कोट बेतायला लावला, तोही मास्तरांच्या कात्रीने. मास्तर कामावर परतल्यावर गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, ते कोट घालून आरशापुढून हलेना. "गळा काय बसलाय यंदा! नवीन मास्तर आणलेत का?" जुने मास्तर तिथेच उभे होते. त्या दुपारी त्यांना डबा गेला नाही.

गणपतीच्या सुमारास मास्तरांचा उजवा कोपर दुखायला लागला. चहाचा कप उचलला की कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत कळ जाई. पंचा पिळता येईना. शेठ म्हणाले, "मास्तर, दिवाळीच्या गर्दीपर्यंत हात सुधारला तर ठीक. नाहीतर टेबल पोपटला देतो. तुम्ही आपले बसून काजंबटणं करा."

मास्तर मुकाट्याने फिजिओथेरपीच्या दवाखान्याचा जिना चढले. चैताली मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हाड दाबलं, मास्तर ओरडले.

"टेनिस एल्बो आहे, काका."

"अहो, मी कॅरमच्या पुढे कधी गेलो नाही!"

"टेनिसवाले माझ्याकडे येतच नाहीत. पोळ्या लाटणाऱ्या येतात, प्लंबर येतात." मग तिने नीट सांगितलं. मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला दोरीसारखे बांधलेले असतात. मूठ घट्ट आवळली की त्या दोरीवर ताण येतो, आणि रोज झेपेल त्याहून जास्त ताण आला की ती थकते. नुसता आराम दिला तर आणखी अशक्त होते. हात टेबलावर पालथा ठेवायचा, पंजा कडेबाहेर, मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. डाव्या हाताच्या आधाराने वर न्यायची आणि एकट्या उजव्याने सावकाश खाली सोडायची.

"पंधरा वेळा, असं तीनदा. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं नको. आणि काका, चौतीस वर्षं दुखलं नाही, मग यंदाच का? कामात काय बदललं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

बदललं होतं. तापातून उठून कामावर आल्यावर, त्या कोटाचं कौतुक ऐकलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, मास्तरांनी कात्रीचा स्क्रू अर्धा आटा आवळला होता. पुढच्या खेपेला पोपटने कात्री घेतली आणि लगेच ठेवून दिली. "काकाजी, तुमची कैची लय कडक चालते. तुमचा हातच मोठा!" त्या वाक्यावर मास्तर महिनाभर जगले. आता स्क्रू सैल केला तर कात्री पोपटलाही चालणार. त्यापेक्षा कोपर दुखलेला बरा.

ते घरी इमानाने बाटली उचलत आणि दुकानात त्याच कात्रीने दात ओठ खाऊन कापत. दसरा आला तरी कळ तिथेच. शेवटी चैताली म्हणाली, "उद्या तुमची कात्री दाखवायला आणा."

तिने पट्टीच्या कापडावर कात्री चालवून पाहिली. "काका, ही कात्री आहे की अडकित्ता? कुणी आवळली एवढी?"

"मीच."

"कशाला?"

मास्तरांनी कात्री तिच्या हातातून घेऊन पिशवीत घातली. ती म्हणाली, "घरी कमावता ते दुकानात घालवता. आज सैल करा, नाहीतर दिवाळी विसरा."

दुकानात शेठ नव्हते. मास्तरांनी मशिनच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला, लावला आणि पिळला. कोपरातून अशी कळ गेली की ड्रायव्हर हातातून पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. ज्या हाताने आवळला होता त्या हाताने आता तो स्क्रू सुटत नव्हता. दुकानात दुसरे हात एकाचेच होते.

"पोपट, जरा हे सैल कर."

पोपट उठून आला. "बापरे! इतका कोणी आवळला, काकाजी?"

"मी."

"काहून?"

"तुला चालू नये म्हणून."

पोपटने खाली पडलेला ड्रायव्हर उचलला. त्याने स्क्रू अर्धा आटा मागे फिरवला. रिकामी कात्री वाजवली नाही, भांडणं होतात म्हणून. खालची चिंधी उचलून तिच्यावर चालवून पाहिली. कात्री लोण्यातून जावी तशी गेली. मास्तरांना तेही खुपलं. मेल्याला रीतही ठाऊक होती.

तेवढ्यात शेठ आले. "काय रे, मास्तरांच्या कात्रीला हात का?"

"गंजली होती, शेठ. तेल दिलं," पोपट म्हणाला आणि त्याने कात्री मास्तरांच्या खिळ्याला लावली.

आजवर मास्तर त्याच्या हातावर जळत होते. आता त्यात त्याच्या मोठ्या मनाचीही भर पडली, आणि ते स्क्रू आवळून रोखता येण्यासारखं नव्हतं.

दिवाळीपर्यंत कोपर बराच हलका झाला. टेबल मास्तरांकडे राहिलं, पण निम्मंच. सुती कापड ते बेतत आणि जाड सुटिंग पोपट, त्याच कात्रीने. हे शेठना मास्तरांनीच सुचवलं होतं. एखादं गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहून गळ्याचं कौतुक करू लागलं की मास्तर टेबलावर हात पालथा ठेवत, पोपटने सकाळीच भरून ठेवलेली बाटली उचलत आणि सावकाश, फार सावकाश खाली सोडत.