बाबांचे टाके आणि माझे मफिन

बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते आणि त्यांचं पोट साफ झालं नव्हतं. अमरावतीच्या आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "जोर लावायचा नाही. टाके सुटले तर परत उघडावं लागेल, आणि या वयात मला ते नको आहे." बाबा एक्याऐंशीचे. मी त्यांना धरून बाथरूममध्ये न्यायचो आणि दाराबाहेर उभा राहायचो. आतून कण्हणं ऐकू आलं की घाम मला फुटायचा.

घाबरलेला माणूस देवाकडे तरी वळतो, नाहीतर मोबाइलकडे. मी मोबाइल उघडला. त्यात एक हसरी बाई गव्हाच्या कोंड्याचे, फळं घातलेले मफिन करत होती. न्याहारीला दोन खा, पोटाची चिंता सोडा. मी पोह्यांवर पोसलेला माणूस, पण त्या क्षणी तिने काळी माती खा म्हटलं असतं तरी मी शेतातून घमेलंभर आणली असती.

नोकरीमुळे माझं रोज रेल्वेने अकोल्याला जाणं-येणं. तिथे दोन किराणा दुकानांनी कोंडा म्हटल्यावर हात हलवले. तिसऱ्याने समोरच्या पशुखाद्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं. सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागून दुकानदाराने विचारलं,

"जनावरं किती हायेत?"

"एकच."

"दुधाचं का भाकड?"

वडिलांसाठी नेतोय म्हणायची लाज वाटली. "भाकड," मी म्हणालो. "म्हातारं झालं आता."

"मंग इकून टाका ना भाऊ! काहून जीव जाळता?"

पाच किलो निव्वळ गव्हाचा कोंडा मांडीवर घेऊन मी परत आलो. डब्यात कोणी विचारू नये म्हणून पिशवीवर टॉवेल टाकला होता.

कोंडा तीनदा चाळला. गूळ, दही, कुस्करलेली केळी, वरुडच्या संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी. आमच्या ओव्हनमध्ये आजवर फक्त पापडाचे डबे राहत होते, ते बाहेर काढले. पहिला घाणा पाहून बायको म्हणाली, "अहो, हे भिंतीवर थापायचे का, गोवऱ्यांसारखे?"

बाबांनी मात्र खाल्ले. सकाळी दोन, संध्याकाळी एक, कोरडे, मान खाली घालून. "कसे आहेत?" विचारलं की म्हणायचे, "बरे हायेत." मला चेव चढला. चहाने पोट बांधतं असं त्याच मोबाइलने सांगितलं, म्हणून मी त्यांचा चहाही बंद केला. तीन दिवस असा मी वैद्य होतो.

सातव्या दिवशी सकाळी बाबांचं पोट ढोलासारखं फुगलं. न्याहारीची ताटली त्यांनी हाताने दूर केली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी रिक्षा आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते माझं मनगट आवळत होते.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "पाणी किती पितात?"

मी बोटांवर मोजलं. सकाळी गोळीबरोबर अर्धा पेला, रात्री गोळीबरोबर अर्धा.

"आणि खातात काय?"

मग मला सगळं सांगावं लागलं. मफिन, कोंडा, पशुखाद्याचं दुकान. बाबांनी तपासणीच्या टेबलावरून मान वळवली.

"सुका घातला?"

"म्हणजे दही होतं त्यात, बाबा..."

"अबे, ढोरालेबी कोंडा भिजवून देतेत. सुका देल्ला का पोट फुगते त्याचं. लहानपनी घमेल्यात कोन भिजवे? तूच ना?"

मीच. शाळेत जायच्या आधी रोज, कोपरापर्यंत हात घालून. डॉक्टर कागदावर औषध लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मला मात्र हसू आलं नाही. ते म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत वाट पाहू. नाहीतर भरती करा."

घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या घेऊन बाबांसमोर बसलो. ते तोंड उघडेनात. शेवटी मी रडकुंडीला आलो. "काहून नाही पीत तुम्ही?"

ते छताकडे पाहत म्हणाले, "पानी पेलं का लघवीले लागते. तू मले धरून नेतं, नाडा सोडतं. मले नाई आवडत ते."

सात दिवस मी त्यांना धरून नेत होतो आणि आपण श्रावणबाळ आहोत या समजात होतो.

माळ्यावरून नायलॉनचा दोर काढला. एक टोक पलंगाजवळच्या खिडकीच्या गजाला, एक बाथरूमच्या चौकटीतल्या हुकाला, कमरेच्या उंचीवर ताणून बांधलं. बाबा पलंगावरून पाहत होते.

"कोंडा झाला, दावं झालं. आता गळ्यात घंटी बांध."

पण त्यांनी तांब्या उचलला. दुपारी दोर धरून एकटे गेले, एकटे आले. मी स्वयंपाकघरात पाठ करून उभा. मफिन आता कोमट दुधात कुस्करून, अर्धा तास भिजवून दिला. चहाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कडी लागली. दहा मिनिटं. वीस. भरतीची पिशवी दारात भरून ठेवलेली. कण्हणं नाही, काहीच नाही. बायकोने रिक्षावाल्याचा नंबर काढून ठेवला होता. मला हाक मारवेना आणि दारापासून हलवेना.

मग आतून बादली सरकल्याचा आवाज आला.

"बे, नळ गेला का? पानी आन. एका बादलीनं नाई भागत."

मी दोन बादल्या नेल्या आणि दाराबाहेर ठेवल्या.