खापरच्या नदीतला झिरा आणि मेहुण्यांचं इंजिन

"आक्का, लवकर ये. इथं पाण्यावरून तंटा पेटलाय," असा माझ्या धाकट्या बहिणीचा, काशीचा, निरोप आला आणि भर एप्रिलात मी खापरला निघाले. या दिवसांत पश्चिम खानदेशात हौसेनं कुणी फिरत नाही. तुम्हीही फिरू नका.

अमळनेरहून नंदुरबारपर्यंत आगगाडी. पुढे तळोद्याला मोटार असते म्हणतात. ती कधी असते, हे मात्र कुणी सांगत नाही. मी छकडा केला. छकडेवाला मागेल त्याच्या निम्मं बोला आणि पाण्याची कळशी जवळ ठेवा. प्रकाशाला तापीच्या वाळूत बैल असे रुतले की आम्हीच उतरून छकडा ढकलला. तळोद्याला मुक्काम केला. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा इतका झकास की दोन घास जास्तच गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खापर दिसायच्या आधी इंजिनाची फटफट ऐकू आली. ते आमच्या मेहुण्यांचं, भास्कररावांचं. महायुद्धामुळे घरात कंदिलाला रॉकेल नाही, पण केळीला पाणी पाजणाऱ्या इंजिनाला तेल बरं मिळतं!

सकाळी काशीबरोबर नदीवर गेले. नदी म्हणजे नुसती वाळू. पलीकडच्या भिलांच्या पाड्यावरची जमनी एका झिऱ्याशी बसली होती. झिरा म्हणजे वाळूत हातानं उकरलेला खड्डा. बायका पहाटे त्यातलं शिळं पाणी उपसून टाकतात आणि वाळूतून गाळून येणारं नवं भरून नेतात. जमनीची करवंटी तळ खरवडत होती, वर येत होता चिखल.

"इंजिन चालू व्हस ना, मंग झिरा आटस," ती म्हणाली.

मेहुण्यांचं म्हणणं उलटं. बायका रोज पाणी उपसून फेकतात म्हणून झिरा आटतो! नदीच्या या वळणावर झिरा खणायला बंदी घाला, असं त्यांनी पंचांपुढे मांडलं होतं. बंदी झाली की पाड्याला लेकराबाळांसकट उठून गुजरातेत मजुरीला जाणं भाग होतं. माझं डोकंच फिरलं.

मी त्यांच्या विहिरीत डोकावले. यंदाच खोल केलेली. वर काळी माती, खाली मुरूम, बारीक वाळू, आणि तळाशी नदीच्या अंगाला गोल गोट्यांचा एक पट्टा. बाकीच्या बाजू नुसत्या ओलसर, आणि त्या गोट्यांतून पाणी धो धो येत होतं. जमिनीच्या पोटात पाणी सगळीकडं सारखं चालत नाही हो! चिकणमातीत ते रेंगाळतं, गोट्यांत धावत सुटतं.

"अहो, हे नदीचं पाणी ओढताय तुम्ही!" मी मेहुण्यांना म्हटलं.

"आक्का, नदी कोठे, हीर कोठे! मन्ही जागा, मन्ही हीर शे."

"एक दिवस इंजिन बंद ठेवून बघा."

"केळी जळी जाई ना!"

मी तोंड वाजवत राहिले. पंच जमायच्या दिवशी पहाटे काशीनं इंजिनाचा पट्टा काढला, धान्याच्या कणगीत पुरला आणि भाकऱ्या थापायला बसली. मेहुणे घरभर थयथयाट करत हिंडले. दुपारी पंच नदीवर गेले, तर झिरा काठोकाठ भरलेला आणि जमनी हंडा भरतेय.

मग मेहुण्यांनी घसा खाकरला. "गरीब लोकं शेत. दया करना पडस. सकाळे त्या पाणी भरतीन तवलोंग इंजिन बंद ठेवसू."

पंचांनी वाहवा केली. बंदीचं नाव कुणी काढलं नाही.

"पाणी नदीनं शे," जमनी म्हणाली. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता अमळनेरला परत आलेय. झिरा भरतो, पाडा जागेवर आहे, पट्टा रात्री काशीच्या उशाशी असतो, हे सगळं चांगलंच झालं. तरी माझा संताप जात नाही. बाईच्या झिऱ्याखालचं पाणी चोरायचं, त्यातलं हंडाभर परत सोडायचं आणि त्याला दया म्हणायचं! परवा इथं एका लग्नात कुणीतरी मला कौतुकानं म्हणालं, "तुमचे मेहुणे मोठे दानशूर, भिलांना पाणी देतात म्हणे." मी भरल्या ताटावरून उठले.